आखणीवाल्या नानांची गाडी

नाना गेले तेव्हा पेणच्या नाक्यावर त्यांचा हा एवढा मोठा बॅनर लागला. हार घातलेला फोटो, आणि खाली लिहिलेलं, ‘ज्यांच्या हातांनी हजारो मूर्तींना दृष्टी लाभली’. महिनाभर होता तो बॅनर. रोज दुकान उघडायला मी त्याच्याखालून जायचो आणि रोज माझं डोकं सणकायचं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बरं, नका बोलू. पण नाना जिवंतपणी दुसऱ्या जिवंत माणसाबद्दल जे बोलले त्याचं काय करायचं, तेही मग कुणीतरी सांगावं. मी एवढी वर्षं गप्प राहिलो ते शब्द दिला होता म्हणून. ज्याला दिला होता तो नानांचा ड्रायव्हर मुनीरभाई. त्यानेही आता गाडी सोडली, रोह्याला घरी बसून असतो. मागच्या महिन्यात त्यालाच विचारलं, सांगू का आता? तो म्हणाला, सांग.

माझं दुकान हायवेच्या कडेला आहे. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ, हॉर्न, लाइट, असली कामं. नाना मला कायम ‘वायरमन’ म्हणायचे. मी म्हणायचो, ‘‘नाना, वायरमन खांबावर चढतो. मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन.’’

‘‘मग तू खाली बसून वेगळं काय करतोस?’’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं. आणि मग आजूबाजूला बघायचे, कुणी हसतंय का.

नानांचं काम आखणीचं. पेणबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते, घासतात, रंग मारतात, दागिने सोनेरी करतात, आणि सगळ्यात शेवटी एक माणूस बारीक ब्रश घेऊन बसतो आणि डोळे काढतो. ती आखणी. तोवर मूर्तीला कुणी नमस्कार करत नाही. आता, नानांच्या हातात जे होतं ते होतं, ते मी नाकबूल करणार नाही. त्यांनी डोळे काढलेली मूर्ती दारातून आत शिरणाऱ्याकडेच बघायची. मुंबईचे मंडळवाले हात जोडून उभे राहायचे, ‘नाना, आमची तुम्हीच करा’ म्हणून. हात देवाने दिलेला होता. बाकीचा स्वभाव त्यांचा स्वतःचा.

त्या हाताचे लाड काय सांगावेत! उजव्या हाताने नाना काही म्हणजे काही उचलत नसत. पिशवी डाव्या हातात, छत्री डाव्या हातात, दाराची कडी दुसऱ्याने काढायची. भात चमच्याने खायचे, बोटांना चटका नको म्हणून. थंडीत उजव्या हाताला पंचा गुंडाळून फिरायचे, नवीन माणसाला वाटायचं, हात मोडलाय. एका लग्नात अक्षता डाव्या हाताने टाकल्या म्हणून नवरीची मावशी भडकली. नाना तिला म्हणाले, ‘‘बाई, हा हात देवासाठी ठेवलाय.’’ नंतर तीच मावशी चार जणींना कौतुकाने सांगत होती.

आखणीला बसले की कारखान्यातले पंखे बंद. मोबाइल बंद. भर मे महिन्यात वीस माणसं घामाने थबथबून उभी, आणि नाना एक डोळा मिटून मूर्तीसमोर. एकदा एका कामगाराला खोकला आला. बिचारा तोंडावर कापड दाबून बाहेर पळाला, तरी नानांनी ऐकलं. ‘‘उद्यापासून नको हा,’’ एवढंच म्हणाले मालकाला. ऐन हंगामात त्या माणसाचं काम गेलं. मालक तरी काय करणार, माणूस दुसरा मिळतो, आखणी दुसरी मिळत नाही.

माणसांकडेही ते तसंच बघायचे, एक डोळा मिटून. ‘‘तुझा डावा डोळा खाली आहे रे. तुझ्या आईने घाई केली.’’ हे मला पहिल्याच भेटीत. एकदा कुणाच्या तरी घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम चालू होता, नाना मोठा माणूस म्हणून पुढं बसलेले. मुलगी चहा घेऊन आली तर म्हणाले, ‘‘नाक छान. डोळ्यांत घोळ आहे.’’ सगळे हसले. मुलगी आत गेली ती बाहेर आलीच नाही. कलाकार माणूस, असं बोलायचाच, असं सगळे म्हणाले. कलाकार म्हटलं की आपल्याकडे माणसाला मोकाटच सोडतात.

आणि त्यांचं ते वाक्य. चहा पिताना, कारखान्यात, माझ्या दुकानात, कुठंही. ‘‘माझ्या हातचं चुकत नाय.’’

हे वाक्य मला त्यांच्या गाडीने नीट शिकवलं.

नानांनी डोलवीला कंपनीत भाड्याने लावायला गाडी घेतली होती. स्वतः चालवत नसत. स्टीअरिंगच्या थरथरीने हात बिघडतो म्हणायचे. चालवायला मुनीरभाई. रोह्याचाच, पंचावन्नच्या आसपासचा. तरुणपणी मस्कतला ड्रायव्हर होता, आईचं दुखणं निघालं म्हणून परत आला आणि इथलाच झाला. रोह्याजवळ वरशाला कंपनीचे साहेब राहायचे, त्यांना सकाळी घ्यायचं, नागोठणे-वडखळ करत डोलवीला सोडायचं, संध्याकाळी परत. गाडी रात्री मुनीरभाईच्या दारात उभी असायची. मी एवढे ड्रायव्हर बघितले, पण काच पुसताना वायपरची पातीसुद्धा पुसणारा हा एकटाच.

गाडी आली त्या दिवशी नानांनी डॅशबोर्डावर गणपती बसवला. चार बोटं उंच, डोळे त्यांनी स्वतः काढलेले. हायवेचे खड्डे ठाऊक असल्यामुळे तो हलू नये असा पक्का बसवला, तोही स्वतःच्या हाताने, गाडीची दारं बंद करून. कसा बसवला ते कुणी विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला आणि पेढा खाल्ला.

पहिल्याच पावसाळ्यात मुनीरभाई दुकानात आला. ‘‘मीटर गेला, वायपर गेला, इंडिकेटर गेला. एकदम.’’

त्या गाडीत हे तिन्ही एकाच फ्यूजवर होते. फ्यूज उडालेला. मी नवीन घातला, सगळं चालू झालं. आठवड्यात पुन्हा आला. पुन्हा फ्यूज. मग मी नीट बसलो. फ्यूज हा काही आजार नव्हे, तो आजाराचा निरोप आहे. कुठंतरी वायर सोलली गेलीय, ती बॉडीला लागते आणि फ्यूज जातो. तो परत परत बदलण्यात अर्थ नाही, वायर कुठं लागते ते शोधावं लागतं. त्यासाठी आम्ही फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडतो. वायर जिथं बॉडीला लागेल तिथं बल्ब लख्ख पेटतो, फ्यूज वाया जात नाहीत. मग एकेक वायर हलवत जायचं.

बॉनेट उघडून सगळं हलवलं. काही नाही. वायपरची मोटर सोडवली. काही नाही. मागच्या लाइटपर्यंत गेलो. काही नाही. शेवटी मुनीरभाईला म्हटलं, गाडी पुढून धरून हलव. त्याने दोन्ही हातांनी गदागदा हलवली आणि बल्ब पेटला. पुन्हा हलवली, पुन्हा पेटला. मी डॅशबोर्डाखाली कान लावून बसलेलो. आतल्या आत, मूर्तीच्या बाजूलाच कुठंतरी टिक टिक होत होतं.

नाना मागच्या सीटवर बसलेले. गाडी दुरुस्तीला आली की तेही यायचे, मी काही चोरीन म्हणून असेल. त्यांना म्हटलं, ‘‘नाना, डॅशबोर्ड खोलायला लागेल.’’

‘‘खोल की.’’

‘‘मूर्ती काढायला लागेल आधी.’’

नाना एक डोळा मिटून माझ्याकडे बघत राहिले. ‘‘स्थापना केलेली मूर्ती हलवायची नसते, ठाऊक नाय तुला?’’

‘‘डॅशबोर्डावरच्या देवाची कसली स्थापना, नाना? खालून वायर जातेय. तिथंच काहीतरी—’’

‘‘माझ्या हातचं चुकत नाय. दुसरीकडे बघ. नसेल जमत तर दुकान बंद कर.’’

मुनीरभाई गाडीच्या पुढं उभा होता. ऐकत होता सगळं. फडकं काढून त्याने उगाच काच पुसायला घेतली.

पुढं नाना ती गाडी घेऊन वडखळला गेले, नागोठण्याला गेले, अलिबागला कुणी मोठा मेकॅनिक आहे म्हणून तिथंही नेली. प्रत्येकाने मूर्ती सोडून सगळी गाडी तपासली. आमच्या भागात गणपतीला पाना लावणारा मेकॅनिक कुठून आणणार? आणि नानांचा गणपती, त्याला तर बापजन्मी कुणी हात लावला नसता. एकाने बॅटरी बदलायला लावली, एकाने वायपरची मोटर. वाटेतल्या निडी गावापुढचे खड्डे आले की फ्यूज जायचा तो जायचाच. पावसात वायपर बंद, साहेब लोक आत खोळंबलेले, आणि मुनीरभाई खाली वाकून फ्यूज बदलतोय. पुढं पुढं तर तो खिशात फ्यूज घेऊनच फिरायचा.

मग नानांना दोषी सापडला.

‘‘गाडी रात्री कुठं असते?’’ एक दिवस नाक्यावर चहा पिताना ते म्हणाले. पाच-सात जण बसलेले, मीही होतो. ‘‘रोह्याला असते. कुणाच्या दारात असते?’’ आणि बशीतला चहा ओढला.

‘‘मुनीरभाईच्या,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘मी काय बोलतोय का? मी फक्त विचारतोय. आत देव आहे. एखाद्याला नाय सहन होत.’’

असल्या गोष्टी नाना कधी पुरत्या बोलत नसत. अर्ध्यावर सोडायच्या आणि बशी तोंडाला लावायची. उरलेलं वाक्य लोक घरी जाऊन पूर्ण करतात. माझं टाळकं फिरलं. मी म्हटलं, ‘‘नाना, काहीतरीच काय बोलता? वायर लागतेय आत, मी दाखवलं ना तुम्हाला!’’

‘‘वायर आपोआप लागते का? कुणीतरी लावतो.’’

चार दिवसांत मुनीरभाईचं काम गेलं. त्याला सांगितलंही नाही धड. नानांचा पुतण्या सकाळी रोह्याला जाऊन किल्ली मागून घेऊन आला. आणि नुसतं काम गेलं असतं तर तो सावरला असता. चांगल्या ड्रायव्हरला गाडी मिळते. पण ज्याच्याकडे जाईल तो म्हणायचा, ‘बघतो, सांगतो.’ कंपनीला गाड्या लावणारे सगळे आमच्या नाक्यावर चहा पिणारे. हा गाडीत काहीतरी करतो, ही गोष्ट त्याच्याआधी सगळीकडे पोचलेली. मुलगी नर्सिंगला, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तीस वर्षं ज्याने एक ओरखडा उमटू दिला नाही, त्याच्या हातात कुणी स्टीअरिंग देईना.

पुतण्या गाडी चालवू लागला आणि फ्यूज उडतच राहिला. एवढ्यावर तरी नानांचे डोळे उघडावेत की नाही? नाही. ‘‘त्याने जाताना करून ठेवलंय काहीतरी,’’ हे नवीन सुरू झालं. पुतण्या पडला उतावळा. रोज रोज वाकायचा कंटाळा आला म्हणून त्याने फ्यूजच्या जागी जाड तार कोंबली. तार कशाला उडतेय! भर पावसात, निडीच्याच पुढं, डॅशबोर्डातून धूर निघाला. साहेब लोक दारं उघडून रस्त्यावर. नशीब, कुणाला काही झालं नाही. गाडी ओढत माझ्या दुकानात आणली. मूर्तीच्या मागचं प्लास्टिक वितळून काळं झालेलं.

आता डॅशबोर्ड खोलल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. नाना आले. मी पाना पुढं केला तर मला बाजूला सारलं. डोक्याला रुमाल बांधला, मूर्तीवर अक्षता टाकल्या, पुटपुटले, ‘‘हलवतो हं देवा,’’ आणि डाव्या हाताने मूर्ती फिरवायला लागले. उजवा हात तेव्हाही पंच्यात. मूर्ती सुटली, आणि तिच्याखालचा स्क्रू दिसला.

बोटाएवढा लांब. कारखान्यात मूर्तीच्या लाकडी पाटाला मारतात तो. वरच्या टोकाला सोनेरी रंग, दागिन्यांना देतात तो, मूर्तीच्या पायाशी उठून दिसू नये म्हणून बारीक ब्रशने लावलेला. मी डॅशबोर्ड उचलला. स्क्रू प्लास्टिकमधून खाली, वायरच्या जुडग्यातून आरपार, आणि टोक खालच्या लोखंडी पट्टीपासून केसभर वर. खड्डा आला की टोक पट्टीला टेकणार. टेकलं की फ्यूज गेला.

पुतण्या जमिनीकडे बघायला लागला. नाना वाकले, एक डोळा मिटला आणि पुष्कळ वेळ त्या स्क्रूकडे बघत राहिले. मला खरंच वाटलं, आता हा माणूस खाली बसणार.

‘‘स्क्रू बरोबर बसलाय,’’ नाना म्हणाले. ‘‘वायर तिथून कुणी नेली?’’

‘‘वायर गाडीबरोबर आलीय, नाना.’’

‘‘मग गाडी बनवणाऱ्याचं चुकलं.’’

‘‘आणि मुनीरभाईचं?’’

त्यांनी पंचा सोडला, पुन्हा गुंडाळला. ‘‘त्याला सांग, मी माफ केलंय. पुतण्याला जमत नाय हे काम. ये म्हणावं.’’

‘‘माफ कशाबद्दल?’’

‘‘ते त्याचं त्याला ठाऊक,’’ म्हणाले आणि रिक्षात बसून निघून गेले. तो स्क्रू मी कापडात बांधून खिशात टाकला.

दुकान बंद ठेवून मी रोह्याला गेलो. मुनीरभाई ओट्यावर बसलेला, दाढी वाढलेली. वहिनींनी चहा आणला. मी कापड सोडून स्क्रू त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने हात लावला नाही. नुसतं वाकून बघितलं.

‘‘मला वाटलंच होतं,’’ तो म्हणाला. ‘‘खड्ड्यात मूर्ती जराशी पुढं झुकायची, की लगेच मीटर बंद. दर वेळेला. समोरच तर होती.’’

‘‘मग बोलला का नाय?’’

‘‘तू बोललास तर तुला दुकान बंद कर म्हणाले. मी बोललो असतो, तुमचा देव काढा खाली, तर मला काय म्हणाले असते?’’

मी नानांचा निरोप सांगितला, आणि वर माझं पण सांगितलं. जाऊ नकोस म्हटलं. मी उद्या नाक्यावर हा स्क्रू सगळ्यांना दाखवतो, नानांचं थोबाड बंद करतो, मग बघू कोण तुला गाडी देत नाय ते. मी बराच वेळ बोलत होतो. आत वहिनींचं भांड्यांचं काम थांबलं होतं.

मुनीरभाईने विचारलं, ‘‘माफ केलं म्हणाले?’’

‘‘व्हय.’’

‘‘चार माणसांत म्हणाले, की तुझ्याजवळच?’’

‘‘माझ्याजवळ. दुकानात.’’

त्याने कप खाली ठेवला. ‘‘तू काय दाखवू नकोस कुणाला. तू स्क्रू दाखवणार, ते म्हणणार मुनीरनेच रात्री घुसवला. देवाच्या पायाखाली. मग मी इथं राहीन का? नुसता ड्रायव्हर होतो ते बरं होतं. शब्द दे मला.’’

मी शब्द दिला. काय करणार होतो?

‘‘आणि नानांना एवढं सांग,’’ तो म्हणाला, ‘‘ते नाक्यावर चार माणसांत म्हणा. माफ केलं म्हणून म्हणाले तरी चालेल. म्हणजे उद्या यांनी काढलं तर दुसरा कुणी गाडी देईल.’’

मी नानांना सांगितलं. त्यांना ते फारच आवडलं. रविवारी सकाळी नाक्यावर गर्दी बघून त्यांनी मुनीरभाईला बोलावलं. सगळ्यांना चहा सांगितला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोही डावा. ‘‘जाऊ दे, झालं गेलं. माणूस चुकतो. मी माफ केलं,’’ म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, नानांचं मन मोठं. मी समोर उभा होतो, तोंडाला कुलूप लावून.

मुनीरभाई दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने मान खाली घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘मेहेरबानी, नाना.’’